स्पॅनिशमध्ये वाक्याला वाक्य जोडताना: आपल्या ‘तर’, ‘तरी’ आणि ‘म्हणून’चं काय होतं?

‘पाऊस पडला तर मी जाणार नाही.’ या वाक्यातला सांधा कुठे आहे? ‘तर’वर. शाळेत ‘जर-तर’ अशी जोडी शिकवतात, पण बोलताना आपण ‘जर’ बहुतेक वेळा गाळतो. ‘तर’ मात्र गाळता येत नाही. ‘तरी’चंही तसंच: ‘जरी’ जातं, ‘तरी’ राहतं.

स्पॅनिशमध्ये नेमकं उलट होतं. हेच वाक्य तिथे ‘सि युएबे, नो बोय’ असं होतं. ‘सि’ म्हणजे आपलं ‘जर’, आणि ते पहिल्या वाक्याच्या अगदी डोक्यावर बसतं. ‘तर’साठी शब्दच नाही, तिथे फक्त स्वल्पविराम आणि किंचित थांबणं. मराठी माणूस तिथे अडखळतो आणि सवयीने ‘एन्तोन्सेस’ हा शब्द टाकतो: ‘सि युएबे, एन्तोन्सेस नो बोय’. हे चूक नाही, पण दर वाक्यात तसं केलं की बोलणं जड होतं. ‘तरी’च्या बाबतीत मात्र सरळ चूक होते. ‘जरी’ला स्पॅनिशमध्ये ‘आउन्के’ म्हणतात. पुढच्या भागात ‘तरी’ची जागा भरायला कोणी ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ घातलं, ‘आउन्के युएबे, पेरो साल्गो’, तर ते वाक्य व्याकरणात बसत नाही. ‘आउन्के युएबे, साल्गो’ एवढंच पुरे.

म्हणजे आपण वाक्य संपवताना जोडतो आणि स्पॅनिश माणूस वाक्य सुरू करतानाच जोडतो. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. त्यामुळे शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी एक सवय लावावी लागते: तोंड उघडण्यापूर्वी पुढचं वाक्य कारण आहे, अट आहे की वेळ, हे ठरवायचं.

उच्चारांबद्दल दोन शब्द. इथे स्पॅनिश वाक्यं देवनागरीत, लॅटिन अमेरिकेत ऐकू येतात तशी दिली आहेत. ‘ख’ लिहिलेला आवाज घशातून येणारा, उर्दूतल्या ‘ख़’सारखा घ्यावा. देवनागरीत एक गोष्ट दाखवता येत नाही, ती म्हणजे स्वरावरची तिरकी रेघ. जोडशब्दांत ती फार महत्त्वाची आहे. ‘सि’वर रेघ नसेल तर अर्थ ‘जर’, असेल तर ‘हो’. ‘के’वर नसेल तर ‘की’, असेल तर ‘काय’. ‘कोमो’ (जसं, कसं) आणि ‘क्वांदो’ (जेव्हा, कधी) हेही तसेच: बिनरेघेचे असतील तर जोडणारे, रेघेचे असतील तर विचारणारे. प्रश्न वाक्याच्या पोटात दडलेला असला तरी रेघ राहते. ‘तो कधी येणार मला माहीत नाही’ यातल्या ‘कधी’वर ती हवीच.

आणि, किंवा

‘आणि’साठी ‘इ’. लिहिताना ते ‘ये’ नावाचं एकच अक्षर असतं. पुढचा शब्द ‘इ’ ध्वनीने सुरू होत असेल तर दोन ‘इ’ एकमेकांत विरघळतात, म्हणून तिथे ‘ए’ वापरतात: ‘पाद्रे ए इखो’, वडील आणि मुलगा. इखोच्या सुरुवातीला लिहिताना मुकं अक्षर असतं, पण नियम कानाचा आहे, डोळ्यांचा नाही. बर्फाला ‘येलो’ म्हणतात. तोही त्याच मुक्या अक्षराने आणि ‘इ’च्या खुणेने सुरू होतो, पण ऐकू येतो ‘ये’. म्हणून ‘आग्वा इ येलो’, तिथे ‘ए’ नाही.

‘किंवा’साठी ‘ओ’, आणि ‘ओ’ ध्वनीपुढे ‘उ’: ‘सिएते उ ओचो’, सात किंवा आठ. आकड्यांत लिहितानाही हे पाळायचं. 11 ला ‘ओन्से’ म्हणतात, म्हणून ‘10 उ 11’. जुन्या पुस्तकांत दोन आकड्यांमधल्या ‘ओ’वर तिरकी रेघ दिसेल. तो शून्य वाटू नये म्हणून ती देत असत. स्पॅनिश अकादमीच्या 2010 च्या शुद्धलेखन नियमांत ती काढून टाकली आहे.

‘हेही नाही आणि तेही नाही’ याला ‘नि… नि’. आपल्या ‘आणि’च्या अर्थाच्या ‘नि’शी गल्लत करू नका. आणि हे ‘नि… नि’ क्रियापदानंतर आलं तर क्रियापदाआधी ‘नो’ही लागतं: ‘नो कोमे नि कार्ने नि पेस्कादो’, तो मटणही खात नाही आणि मासेही नाही. दोन नकार आले म्हणून होकार होत नाही.

पेरो, सिनो आणि सि नो

‘तो डॉक्टर नाही, पण हुशार आहे’ आणि ‘तो डॉक्टर नाही, तर वकील आहे’ ही दोन वाक्यं मराठी माणूस कधीच गोंधळात टाकत नाही. पहिल्यात दोन्ही गोष्टी उभ्या राहतात. दुसऱ्यात आधीची गोष्ट पुसून तिच्या जागी नवी ठेवलेली असते. स्पॅनिशमध्ये हाच फरक ‘पेरो’ आणि ‘सिनो’त आहे. ‘नो एस मेदिको, पेरो एस इन्तेलिखेन्ते’ आणि ‘नो एस मेदिको, सिनो आबोगादो’. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो, म्हणून इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला इथे मेहनत पडते. मराठीतून विचार करा, फुकटात उत्तर मिळतं: ‘नाही, पण’ असेल तर पेरो, ‘नाही, तर’ असेल तर सिनो. ‘केवळ हेच नाही, तर तेसुद्धा’ याचंही ‘नो सोलो… सिनो ताम्बिएन’ असं सरळ रूपांतर होतं.

एकच अट लक्षात ठेवायची. सिनोच्या पुढे काळ-पुरुष लावलेलं क्रियापद आलं की ‘के’ जोडावं लागतं. ‘नो एस्तुदिआ, सिनो के त्राबाखा’, तो शिकत नाही, तर नोकरी करतो. नाम किंवा विशेषण असेल तर ‘के’ नको. पेरो आणि सिनो दोघांच्याही आधी स्वल्पविराम येतो, नंतर नाही.

आता गंमत पाहा. मराठीत ‘नाही, तर’ तोडून लिहिलं की एक अर्थ होतो आणि ‘नाहीतर’ जोडून लिहिलं की दुसरा. ‘जेव, नाहीतर आजारी पडशील.’ या ‘नाहीतर’ला स्पॅनिशमध्ये ‘सि नो’ म्हणतात, दोन सुटे शब्द: ‘कोमे, सि नो, ते बास आ एन्फेर्मार’. म्हणजे आपलं तोडलेलं ते त्यांचं जोडलेलं आणि आपलं जोडलेलं ते त्यांचं तोडलेलं. हे एकदा उलटं पाठ केलं की ही चूक पुन्हा होत नाही.

एका ‘म्हणून’चे चार रस्ते

‘म्हणून’ हा मराठीतला सर्वांत कष्टाळू जोडशब्द. स्पॅनिशमध्ये त्याला एक प्रतिशब्द नाही, आणि एकच शोधत बसलं की प्रत्येक वाक्यात ‘पोर एसो’ येऊ लागतं. तसं लिहिलेलं लगेच ओळखू येतं. कुठला ‘म्हणून’ आहे ते आधी पाहावं लागतं.

‘पाऊस पडत होता म्हणून आम्ही गेलो नाही.’ इथे कारण आधी आणि परिणाम नंतर आहे. कारण आधी सांगायचं असेल तर स्पॅनिश ‘कोमो’ने सुरू होतं: ‘कोमो योबिआ, नो फुइमोस’. तेच कारण नंतर सांगायचं असेल तर ‘पोर्के’: ‘नो फुइमोस पोर्के योबिआ’, म्हणजे आपलं ‘गेलो नाही, कारण पाऊस होता’. नेहमीची चूक म्हणजे ‘पोर्के’ वाक्याच्या सुरुवातीला घालणं. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देताना ते चालतं, एरवी कानाला खटकतं. उलट हा कारणवाचक ‘कोमो’ शेवटच्या भागात चालत नाही.

जोर परिणामावर द्यायचा असेल तर ‘आसि के’: ‘योबिआ, आसि के नो फुइमोस’. रोजच्या बोलण्यात हेच जास्त चालतं. ‘पोर एसो’ त्यापेक्षा ठासून येतं, साधारण आपल्या ‘त्यामुळेच’सारखं.

चौथा रस्ता हेतूचा. ‘तुला कळावं म्हणून सांगतो.’ इथे ‘म्हणून’च्या आधी ‘-आवं’ आलं आहे, त्यामुळे हे कारण नाही, उद्देश आहे. याला ‘पारा के’: ‘ते लो दिगो पारा के लो सेपास’. या ‘सेपास’मध्ये क्रियापदाचं वेगळं रूप आहे, ज्याला स्पॅनिशमध्ये ‘सुबखुन्तिबो’ म्हणतात. आपलं ‘-आवं’ आणि त्यांचं सुबखुन्तिबो एकच नाहीत, पण इथे ते एकमेकांच्या शेजारी राहतात. ‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणजे ‘किएरो के बेंगास’. जिथे मराठीत मनात ‘यावं, करावं, कळावं’ येतं, तिथे सुबखुन्तिबो लागणार असं धरून चाला. अंदाज सहसा बरोबर निघतो.

‘पोर्के’ लिहिताना चार रूपं होतात. एकत्र आणि बिनरेघेचं असेल तर ‘कारण’. तोडून आणि रेघेसह असेल तर ‘का’. एकत्र आणि शेवटच्या स्वरावर रेघ असेल तर ते नाम, ‘त्यामागचं कारण’, ज्याच्याआधी ‘एल’ हे उपपद लागतं. तोडून आणि बिनरेघेचं क्वचितच भेटतं. पहिली दोन पक्की झाली की रोजचं काम भागतं.

‘येतो म्हणाला’ आणि ‘ये म्हणाला’

मराठीत ‘की’ ऐच्छिक आहे. ‘मला वाटतं तो आला’ हे पुरतं. स्पॅनिशमध्ये ‘क्रेओ के’ यातला ‘के’ गाळता येत नाही.

खरी अडचण दुसऱ्याचं बोलणं सांगताना होते. आपण ‘तो उद्या येतो म्हणाला’ असं म्हणतो, म्हणजे त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, त्याच्या ‘मी’सकट. स्पॅनिशमध्ये ‘के’ आला की वाक्य सांगणाऱ्याच्या बाजूने फिरतं. शब्दशः ‘दिखो के बेंगो मान्याना’ म्हटलं तर ऐकणारा समजतो, ‘तो म्हणाला की मी, म्हणजे बोलणारा, उद्या येतोय’. योग्य वाक्य: ‘दिखो के बेनिआ मान्याना’. पुरुष बदलला आणि ‘म्हणाला’ भूतकाळात असल्यामुळे पुढचं क्रियापदही मागे सरकलं.

आता हे जवळून पाहा. ‘येतो म्हणतोय’ म्हणजे ‘दिसे के बिएने’. ‘तुला ये म्हणतोय’ म्हणजे ‘दिसे के बेंगास’. दोन्हीकडे ‘दिसे के’ तेच. माहिती आहे की आज्ञा, हे फक्त पुढच्या रूपावरून कळतं. मराठीत ‘म्हणाला’ आणि ‘सांगितलं’ असे वेगळे शब्द वापरता येतात, तिथे एकाच क्रियापदावर भागवतात. तिथे चुकीचं रूप वापरलं तर निरोपच बदलतो.

‘येतोस का असं त्याने विचारलं’ यातल्या ‘का’साठी ‘सि’ लागतं: ‘मे प्रेगुन्तो सि बेनिआ’.

‘के’च्या आधी ‘दे’ लावायचा की नाही, याचा गोंधळ स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही होतो. त्याची कसोटी सोपी आहे: त्या वाक्याचा प्रश्न करून पाहायचा. ‘कशाचा आनंद झाला’ हे ‘दे के ते आलेग्रास’ असं विचारतात, म्हणून उत्तरातही ‘मे आलेग्रो दे के…’. ‘काय वाटतं’ हे ‘के पिएन्सास’ असं विचारतात, ‘दे’ नाही, म्हणून ‘पिएन्सो के…’. ‘पिएन्सो दे के’ चूक.

अट, वेळ आणि ‘तरी’

मराठीत ‘पडला तर’, ‘थांबल्यावर’, ‘आला तरी’ अशी रूपं भूतकाळासाठीही चालतात आणि भविष्यासाठीही. काळ शेवटच्या क्रियापदावरून कळतो. स्पॅनिशमध्ये जोडलेल्या वाक्यातल्या क्रियापदालाच हे ठरवावं लागतं, आणि प्रत्येक जोडशब्दाचे नियम वेगळे आहेत.

अट घालणाऱ्या ‘सि’नंतर भविष्यकाळ कधीही येत नाही आणि सुबखुन्तिबोचा वर्तमानही येत नाही. शक्य गोष्ट असेल तर साधा वर्तमान: ‘सि युएबे’. कल्पनेतली असेल तर सुबखुन्तिबोचा भूतकाळ: ‘सि तुबिएरा दिनेरो, बिआखारिआ’, पैसे असते तर प्रवास केला असता, आत्ताच्या अर्थाने. हातातून गेलेली असेल तर ‘उबिएरा’: ‘सि लो उबिएरा साबिदो, आब्रिआ बेनिदो’, कळलं असतं तर आलो असतो. आपण दोन्ही भागांत ‘असतं’ ठेवतो, म्हणून शिकणारा दोन्हीकडे एकच रूप घालतो: ‘सि तेन्द्रिआ दिनेरो’. बास्क प्रदेशात आणि त्याच्या आसपास उत्तर स्पेनमध्ये लोक असं बोलतात, पण लेखी परीक्षेत ते चूक धरलं जातं. हे ‘तुबिएरा’ सहज तयार होतं: भूतकाळाचं अनेकवचनी ‘ते’चं रूप घ्या, ‘तुबिएरोन’, शेवटचं ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा. या कृतीला एकही अपवाद नाही.

भविष्यकाळाची बंदी फक्त अटीच्या ‘सि’ला आहे. ‘का’च्या अर्थाच्या ‘सि’ला नाही: ‘नो से सि बेन्द्रा’, येईल का माहीत नाही.

‘क्वांदो’चा हिशेब वेगळा. नेहमीची किंवा घडून गेलेली गोष्ट असेल तर साधं रूप. अजून व्हायची असेल तर सुबखुन्तिबो. ‘क्वांदो येगो आ कासा, मे दुचो’, घरी पोचलो की आंघोळ करतो, रोजचंच. ‘क्वांदो येगे आ कासा, ते यामो’, घरी पोचल्यावर तुला फोन करतो, आज. ‘येगो’चं ‘येगे’ झालं, एवढ्या एका स्वराने ‘रोज’चं ‘आज’ झालं. ‘आस्ता के’ म्हणजे तोपर्यंत आणि ‘एन क्वांतो’ म्हणजे ‘-ल्याबरोबर’, दोघेही याच नियमाने चालतात. ‘आन्तेस दे के’, म्हणजे ‘त्याआधी’, मात्र नेहमीच सुबखुन्तिबो घेतो.

‘आउन्के’कडे मराठी माणसाने निर्धास्तपणे जावं, कारण हा फरक आपल्या भाषेतच तयार आहे. ‘पाऊस पडतोय तरी मी जातोय’: ‘आउन्के युएबे, साल्गो’. ‘पाऊस पडला तरी मी जाईन’: ‘आउन्के युएबा, साल्द्रे’. खरी परीक्षा पुढे आहे. ‘तो माझा भाऊ असला तरी मी त्याची बाजू घेणार नाही.’ भाऊ आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी आपण ‘आहे’ न म्हणता ‘असला’ म्हणतो, कारण ती बातमी नाही, बाजूला सारलेली गोष्ट आहे. स्पॅनिशही तेच करतं: ‘आउन्के सेआ मि एर्मानो, नो लो बोय आ देफेन्देर’. इथे सुबखुन्तिबो म्हणजे ‘शंका’ असं घोकलेला शिकणारा चुकतो. ‘असला तरी’ मनात म्हणणारा चुकत नाही.

वर्तमान सुबखुन्तिबो करायचं तर ‘मी’चं रूप घ्या, शेवटचा ‘ओ’ काढा. मूळ धातू ‘आर’ अंती असेल तर ‘ए’ लावा, ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर ‘आ’. ‘बेंगो’चं ‘बेंगा’, ‘आब्लो’चं ‘आब्ले’. या कृतीत न बसणारे धातू सहा: सेर, एस्तार, इर, आबेर, साबेर, दार. त्यांची रूपं अनुक्रमे सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे. ही सहा पाठच करावी लागतात, कारण नेमके हेच धातू सगळ्यांत जास्त वापरले जातात.

‘कोमो’बद्दल एक सावधगिरी. साध्या रूपाबरोबर तो कारण सांगतो, सुबखुन्तिबोबरोबर धमकी देतो. ‘कोमो येगेस तार्दे, नो ते आब्रो’ म्हणजे ‘उशिरा आलास तर बघ, दार उघडणार नाही’.

जिथे जोडशब्दच नको

‘घरी जाऊन जेवलो.’ मराठीत ‘-ऊन’ने क्रियांची माळ लावता येते. स्पॅनिशमध्ये ‘-आन्दो, -एन्दो’ने संपणारं रूप दिसायला तसंच आहे, पण त्याचा अर्थ ‘-त’ असा आहे. ‘एन्त्रो कान्तान्दो’ म्हणजे गात गात आत आला. एकामागून एक घडलेल्या क्रियांना साधं ‘इ’ बरं: ‘फुइ आ कासा इ कोमि’.

‘-ल्यावर’, ‘-ण्याआधी’, ‘न -ता’ यांसाठी कर्ता पाहा. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर नुसता मूळ धातू: ‘देस्पुएस दे कोमेर’, जेवल्यावर. ‘आन्तेस दे सालिर’, निघण्याआधी. कर्ते वेगळे झाले की ‘के’ येतो आणि बहुधा सुबखुन्तिबोही. ‘से फुए सिन देसिर नादा’, काही न सांगता गेला. ‘से फुए सिन के यो लो सुपिएरा’, मला कळू न देता गेला. ‘पारा’ आणि ‘पारा के’ यांतही हाच फरक.

आता एक मोठं मराठी वाक्य घेऊ: ‘पाऊस पडत होता म्हणून आम्ही घरीच राहिलो, पण पाऊस थांबल्यावर बाहेर जाऊन चहा घेतला.’ यात चार सांधे आहेत. ‘म्हणून’ कारणाचा आणि कारण आधी, म्हणून ‘कोमो’ला सुरुवातीला न्या. ‘पण’ काही पुसत नाही, म्हणून पेरो आणि आधी स्वल्पविराम. ‘थांबल्यावर’ला ‘क्वांदो’, थांबला तो पाऊस, गेलो ते आम्ही, म्हणून पूर्ण क्रियापद. आणि ते घडून गेलंय, म्हणून साधा भूतकाळ ‘देखो’. ‘जाऊन’मध्ये चहा हाच जाण्याचा हेतू, तिथे ‘आ’ आणि मूळ धातू: ‘कोमो योबिआ, नोस केदामोस एन कासा, पेरो क्वांदो देखो दे योबेर, सालिमोस आ तोमार उन ते.’

हेच उद्यासाठी म्हणायचं असेल तर मराठीत ‘थांबल्यावर’ला हात लावावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये ‘देखो’चं ‘देखे’ होतं: ‘क्वांदो देखे दे योबेर, साल्द्रेमोस आ तोमार उन ते’.